मेलेल्यांची वही

आमच्या फौजेत माणसं होती चोवीस, आणि माझ्या वहीत मेलेले होते एकतीस. बोटं मोजत बसू नका, हिशेब बरोबर आहे. त्याच चोवीस जणांना सकाळी आपलं सैन्य व्हायचं असे आणि दुपारी शत्रूचं. शिंपीकाकांनी त्यांच्यासाठी दोन तोंडांचे शर्ट शिवले होते. एका बाजूने हिरवा, उलटा करून घातला की तपकिरी. हिरवे आपले, तपकिरी त्यांचे. बूट सतराच जोड, म्हणून सात जणांचे पाय कॅमेऱ्यात येऊ द्यायचे नाहीत, हाही ताप माझ्याच डोक्याला.

माझं काम असं की आधीच्या शॉटमध्ये जे होतं ते पुढच्या शॉटमध्ये तसंच आहे का, ते बघायचं. कप अर्धा भरलेला होता तर अर्धाच हवा. भांग डावीकडे होता तर डावीकडेच. तीस वर्षं मी हेच करतेय. माझ्या नजरेतून काही सुटत नाही असं लोक म्हणतात, आणि मी उगाच विनय दाखवत नाही.

दिग्दर्शक माझा भाचा, ताईचा मुलगा. वय एकोणतीस आणि पहिलाच सिनेमा. ताईने फोन करून मला बजावलं होतं की तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे, त्याच्याकडे लक्ष दे, तो बोलत नाही कुणाला काही. आता लक्ष दे म्हटल्यावर मी ते दिलं. पहिल्या दिवशी, पहिल्याच तासाला, सगळ्या युनिटसमोर मी हाक मारली, ‘‘ढब्बू, गार वारा आहे, स्वेटर घाल आधी.’’

लहानपणी तो गोलमटोल होता, त्यावरून पडलेलं नाव. आता काठीसारखा बारीक आहे, पण घरच्यांच्या जिभेवरून नाव उतरतं का कधी? त्याने स्वेटर घातला नाही. दुपारपर्यंत लाइटवाले त्याला ढब्बूसाहेब म्हणू लागले, चहावाला ढब्बूदादा, आणि कॅमेरामन, जो त्याच्या दुप्पट वयाचा आणि चौपट शिष्ट, तो ढब्बूशेठ म्हणायचा आणि वर मिशीतल्या मिशीत हसायचा. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. प्रेमाने म्हणतात, असंच मी धरून चालले होते. आता आठवलं की माझेच कान धरावेसे वाटतात.

सिनेमाची गोष्ट साधी. नुकताच मिसरूड फुटलेला एक लेफ्टनंट सीमेवरच्या चौकीवर येतो. तिथले जुने शिपाई त्याला जुमानत नाहीत. तो चुकतो, शिकतो, माणसं मरतात, आणि शेवटी उरलेले अठरा जण न सांगता रांगेत उभे राहून त्याला सॅल्यूट करतात. बस. चौकी म्हणून आम्हाला बंद पडलेला विटांचा कारखाना मिळाला होता. धुराडं तेवढं कॅमेऱ्यात येऊ द्यायचं नाही. लेफ्टनंट झाला होता निर्मात्याचा मेहुणा. व्यायामाने कमावलेले दंड, पण चेहरा बंद दारासारखा. आनंद झाला तरी तोच, आई मेली तरी तोच.

आणि फौज? फौज म्हणजे जवळच्या कारखान्यातली, दुकानांतली माणसं. कुणी वेल्डर, कुणी न्हावी, कुणी फाटकावरचा पहारेकरी. भली माणसं, पण त्यांना मरायची भारी हौस. त्यांचंही बरोबर होतं म्हणा. रांगेत उभा राहिलेला शिपाई कुणाला दिसतो? मेलेला दिसतो. घरी बायकापोरांना सांगता येतं की बघा, हा मी. त्यामुळे कुठेही फटाका फुटला की ज्याला मरायला सांगितलंय तो मरायचाच, पण शेजारचे दोघे आपणहून छाती धरून कोसळायचे. वेल्डर तर या कामात पोचलेला. त्याला नुसतं भिंतीलगत वाकून पळायला सांगितलं होतं. हा पठ्ठ्या थेट कॅमेऱ्यासमोर येऊन पडला, आकाशाकडे बघत ओठ हलवले, हात वर केला, पाडला, परत वर केला, आणि पाऊण मिनिटाने एकदाचा गेला. कॅमेरामनला तो शॉट इतका आवडला की त्याने ठेवूनच दिला. ढब्बू नको म्हणत होता. त्याचं कुणी ऐकलं नाही.

असे करता करता गोष्टीत सहा मरायचे ते तेरा मेले. शत्रूचे अठरा मेले ते वेगळे. मी वहीत एका बाजूला हिरव्या पेन्सिलीने आणि दुसऱ्या बाजूला तपकिरी पेन्सिलीने लिहीत होते. न्हावी, एकदा इकडे, एकदा तिकडे. पहारेकरी, दोनदा तिकडे. वेल्डर, दोन्हीकडे. मी आठवडाभर आधीच ढब्बूला ओरडून सांगितलं होतं, अर्थात चारचौघांत, की बाबा रे, शेवटच्या सॅल्यूटला अठरा हवेत आणि तुझ्याकडे जिवंत अकराच उरलेत. तो म्हणाला, बघू. लाइटवाले फिदीफिदी हसले.

शेवटच्या दिवशी सकाळीच निर्माता गाडीतून उतरला. त्याने आवाज न चढवता सगळ्यांसमोर सांगून टाकलं की फौजेची बस पाच वाजता सुटणार, उद्यापासून ही माणसं मिळणार नाहीत. पाचच्या आत शेवटचा शॉट झाला तर ठीक. नाही झाला तर ढब्बूने घरी जावं, पुढचं सगळं कॅमेरामन बघेल, आणि पाटीवर दिग्दर्शक म्हणून नावही त्याचंच येईल. कॅमेरामनने नम्रपणे मान खाली घातली. इतका नम्र मी त्याला कधीच पाहिला नव्हता. दोन वर्षं ढब्बूने ही गोष्ट लिहिली होती, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, ताईची भांडी बाजूला सारून. म्हटलं, आज काही झालं तरी पोराची एकही चूक होऊ द्यायची नाही.

आणि मग मीच घाण केली.

सकाळचा प्रसंग होता पत्राचा. लेफ्टनंट एकटा खोलीत बसून मेलेल्या शिपायाच्या आईला पत्र लिहितो आणि त्याला रडू येतं. नऊ वेळा घेतला. नऊ वेळा बंद दार. दहाव्या वेळी ढब्बू त्या मेहुण्याच्या शेजारी जाऊन उकिडवा बसला, हळू आवाजात काहीतरी बोलला, काय ते मला ऐकू आलं नाही, आणि परत येऊन कॅमेरा सुरू करायला लावला. मेहुण्याने दोन ओळी लिहिल्या. थांबला. त्याची हनुवटी थरथरायला लागली. आणि मला दिसलं की जखमेची पट्टी चुकून त्याच्या उजव्या हाताला आहे. आदल्या दिवशी ती डाव्या हाताला होती.

‘‘थांबा, थांबा,’’ मी ओरडले. ‘‘ढब्बू, अरे पट्टी चुकीच्या हाताला आहे, तुझं लक्ष कुठे असतं?’’

शॉट थांबवायचा हक्क एकट्या दिग्दर्शकाचा. हे मला तीस वर्षं माहीत आहे. दुसऱ्या कुठल्याही सेटवर मी जीभ चावली असती. मेहुण्याने डोळे पुसले आणि दार परत बंद झालं. त्यानंतर आणखी सहा वेळा घेतलं, पण रडू काही आलं नाही, शेवटी डोळ्यांत औषध घालून भागवलं. कॅमेरामन मोठ्याने म्हणाला की मावशींनीच काढावा सिनेमा, ढब्बूशेठना द्या सुट्टी. निर्माता दारातच उभा होता. तो हसला नाही, घड्याळाकडे बघून निघून गेला.

जेवणाच्या सुट्टीत ढब्बू मला शोधत कपड्यांच्या गाडीमागे आला. मी जेवत होते. त्याने ताट आणलं नव्हतं. मी म्हटलं, आधी दोन घास खा. तो उभाच राहिला.

‘‘मावशी, घरी मला ढब्बू म्हण. जन्मभर म्हण. इथे म्हणू नकोस,’’ तो म्हणाला. ‘‘आणि थांबा मी म्हणायचं. फक्त मी.’’

‘‘आणि चूक दिसली तर? डोळे मिटून बसू?’’

‘‘चूक दिसली तर मला येऊन सांग. मला. सगळ्या गावाला नको.’’ मग म्हणाला, ‘‘तू मला सांभाळायला आलीस ना, मग हे लोक म्हणतात, ज्याला मावशी सांभाळते त्याचं काय ऐकायचं.’’

तो ओरडला असता तर मी दुप्पट ओरडले असते. तो ओरडला नाही, म्हणून मला जास्त लागलं. या कार्ट्याला मी अंगाखांद्यावर खेळवलं, त्याच्या नाकाचा शेंबूड पुसला, आणि हा मला शिकवतो? मी म्हटलं, ठीक आहे साहेब, आता तोंडाला कुलूप. साहेब हा शब्द मी असा उच्चारला की त्याला फटका बसावा. बसला तो. तो गेल्यावर मी ताट बाजूला सारलं. कारण तो खरं बोलला होता, आणि तीस वर्षांत मला कुणी चूक दाखवली नव्हती.

जेवणानंतर शेवटच्या शॉटची तयारी सुरू झाली. मी गाडीच्या पायरीवर रुसून बसले होते, वही मांडीवर मिटून. रांग लागायला लागली. अठरा हिरवे शर्ट, पुढच्या रांगेत मधोमध वेल्डर, छाती काढून. पाऊण मिनिट मेलेला माणूस. आख्खं थिएटर हसणार होतं. होऊ दे हसं, मला काय त्याचं, असं मी मनात दहादा म्हटलं. मग ताईचं ते टेबल आठवलं. उठले. मैदान ओलांडून त्याच्यापर्यंत चालत गेले, वही उघडली आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात सांगितलं की या अठरांत सात मेलेले आहेत, एकूण मेलेले तेरा, जिवंत अकरा.

त्याने वही माझ्या हातातून घेतली. हिरवी बाजू वरपासून खालपर्यंत वाचली. मग एका पालथ्या खोक्यावर जाऊन बसला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बसच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवून बघितला. ऊन धुराड्याच्या मागे सरकलं. कॅमेरामन येरझाऱ्या घालत होता आणि निर्माता त्याच्या कानाशी काहीतरी बोलत होता. मला वाटलं, गेलं. संपलं.

ढब्बू उठला आणि म्हणाला की मेलेले सगळे, तेराच्या तेरा, त्या पडक्या भिंतीमागे जातील. बूट काढायचे, टोप्या काढायच्या, बंदुका ठेवायच्या. मी रुमाल हलवला की भिंतीमागून यायचं आणि एका ओळीत उभं राहायचं. जिवंत अकरा अलीकडे, बूट घालून. लेफ्टनंट आधी मेलेल्यांपुढून जाईल, एकेकाला सॅल्यूट करेल. शेवटच्या माणसाचा सॅल्यूट झाला की जिवंत त्याला सॅल्यूट करतील. तो वळेल तेव्हा ते त्याला दिसेल. सिनेमा संपला.

कॅमेरामनने कपाळावर हात मारला. असं कुणी करतं का, मेलेले उभे राहतात का, साहेबाने आधी शिपायाला सॅल्यूट कसा करायचा, प्रेक्षक हसतील.

‘‘हसले तर मला हसतील,’’ ढब्बू म्हणाला. ‘‘तुम्ही कॅमेरा तिकडे लावा. एकदाच घेता येईल, तेवढाच उजेड आहे.’’

कॅमेरामनने निर्मात्याकडे बघितलं. निर्माता घड्याळाकडे बघत होता. ढब्बू कुणाकडेच बघत नव्हता, तो भिंतीपासून कॅमेऱ्यापर्यंतची पावलं मोजत होता. कॅमेरामन पुटपुटत गेला, पण गेला.

आता ऐका माझी अक्कल. माणसं भिंतीमागे जाण्याआधी एकेकाला नखशिखांत बघणं हे माझं काम. शिंपीकाका मेहुण्याचं तुटलेलं बटण लावत होते, त्यामुळे ते एकट्या माझ्यावरच होतं. मी गेले नाही. सांगायचं ते सांगितलं, आता बघून घेतील ते त्यांचं, अशा तोऱ्यात मी परत पायरीवर जाऊन बसले. तीस वर्षांत पहिल्यांदा.

कॅमेरा सुरू झाला. ढब्बूने रुमाल हलवला. भिंतीमागून ते एकामागे एक आले, अनवाणी, बोडक्या डोक्यांनी, आणि विटांच्या चुऱ्यात उभे राहिले. फटाका नाही, पडायचं नाही, म्हणून कुणाला काही करता येईना, आणि त्यामुळेच ते बरे दिसत होते. मेहुणा चालू लागला. पहिल्याला सॅल्यूट. दुसऱ्याला. मी रांगेवरून नजर फिरवत शेवटपर्यंत गेले आणि तिथेच अडकले.

शेवटी वेल्डर उभा होता, आणि त्याचा शर्ट तपकिरी होता.

जेवणाआधी शत्रू भिंतीवरून चालतानाचा एक शॉट घेतला होता, त्यात तो होता. जेवताना शर्ट काढला, नंतर रांगेसाठी हिरवा घातला, आणि भिंतीमागे उकडलं म्हणून पुन्हा काढून घाईत उलटा चढवला, हे सगळं मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच दिसत होतं की आपल्या बारा मेलेल्यांच्या शेजारी शत्रूचा एक मेलेला उभा आहे. मी उभी राहिले. हवा छातीत भरून घेतली. ‘थांबा’ अगदी दातांपर्यंत आला होता. एकदाच घेता येणार होतं, हे मला माहीत होतं. थांबवलं तरी गेलं, नाही थांबवलं तरी गेलं, आणि दोन्ही माझ्यामुळे.

मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. खोटं नाही सांगत.

मेहुणा बाराव्यापुढून सरकला आणि वेल्डरपुढे आला. हात अर्धा उचलला आणि थबकला. त्याला शर्ट दिसला. आता हा वळून विचारणार, हे काय आहे म्हणून, अशी माझी खात्रीच झाली. तो वळला नाही. त्याने वेल्डरच्या शर्टाकडे बघितलं, मग त्याच्या पायांकडे बघितलं, भाजलेल्या, चट्टे पडलेल्या पायांकडे, आणि मग चेहऱ्याकडे. कितीतरी वेळ. तो बंद दारासारखा चेहरा हळूहळू उघडत गेला. वेल्डरने ओठ हलवले नाहीत, हात वर केला नाही, नुसता बघत राहिला. मेहुण्याने टाचा जुळवल्या आणि त्याला सॅल्यूट केला. बाराजणांना केला त्याहून सावकाश. मागून अकरा जोड बूट एकदम वाजले.

मी ढब्बूकडे बघितलं. त्याला शर्ट दिसला होता. त्याचा हात वर होता, थांबवायला उचललेला, आणि तसाच वर राहिला होता. तो मेहुणा वळेपर्यंत थांबला, वळल्यावर थांबला, त्या अकरांचे हात खाली येईपर्यंत थांबला. मग म्हणाला, ‘‘कट.’’

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला नाही. पाचला सात मिनिटं होती. निर्माता कॅमेरामनजवळ गेला आणि विचारू लागला की तो शेवटचा शर्ट तसला का, हे चालेल का, शॉट झाला असं धरायचं का. कॅमेरामनने कॅमेऱ्याला लावलेला डोळा सावकाश बाजूला केला. मिशीत हसू नव्हतं.

‘‘मला काय विचारता?’’ तो म्हणाला. ‘‘साहेबांना विचारा.’’

निर्मात्याने साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, झाला. निर्मात्याने मान हलवली आणि बसकडे हात केला. वेल्डर इकडे शिंपीकाकांसमोर गयावया करत होता की चुकून झालं हो, मला परत मारा, पण शॉट काढून टाकू नका.

मी मैदान ओलांडून गेले. त्याच्याजवळ जाऊन, कुणाला ऐकू जाणार नाही असं, सांगितलं, ‘‘साहेब, तेराव्याचा शर्ट उलटा होता. तपासायचं माझ्यावर होतं. मी तपासलं नाही.’’ या वेळी तो शब्द फटका म्हणून म्हटला नव्हता, आणि ते त्याला कळलं.

तो वहीत काहीतरी बघत होता. म्हणाला, ‘‘वेल्डर तपकिरी बाजूलाही आहे ना तुझ्या यादीत?’’

‘‘आहे. अठरावा.’’

‘‘मग चूक कुठली? तो मेलेलाच होता.’’ त्याने वही मिटून माझ्या हातात दिली. त्याचे हात बर्फासारखे गार होते आणि दात वाजत होते. ऊन गेल्यावर तिथे वारा सुटायचा, रोजच. पहिल्या दिवसाचं ते वाक्य अगदी ओठांवर आलं होतं, पण गिळलं.

त्याने इकडे तिकडे बघितलं. सगळं युनिट जवळपासच होतं, कॅमेरामन, लाइटवाले, चहावाला, सगळे. आणि माझा भाचा त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, ‘‘मावशी, माझा स्वेटर कुठाय?’’

माझ्या पिशवीत होता. पहिल्या दिवसापासून रोज आणत होते.